सरकलेले इम्प्लांट आणि न सापडणारी फाईल

कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यावर सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेणाऱ्या, किंवा केवळ स्वतःच्या इच्छेने ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बायका फक्त मुंबई-पुण्यातच असतात, असे आता कोणी समजू नये. साताऱ्याहून पुणे काही तासांवर आहे, सांगली-मिरजेहून कोल्हापूर त्याहून जवळ. शस्त्रक्रिया तिकडे होते, टाके निघेपर्यंत दोन-तीन खेपा होतात आणि मग बाई कोरेगावला, विट्याला किंवा जतला आपल्या घरी परतते. इम्प्लांट मात्र तिच्या शरीरात पुढची कित्येक वर्षे राहणार असते. दोन-चार वर्षांनी ते जागेवरून खाली घसरले, काखेकडे सरकले किंवा आतल्या आत फिरले, तर विचारायचे कोणाला?

अनेकजणी कोणालाच विचारत नाहीत. ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली ते दूर असतात, गावातल्या डॉक्टरांसमोर हा विषय काढायचा संकोच असतो आणि घरात बोलावे तर ‘कोणी सांगितली होती नसती हौस?’ हे वाक्य ऐकावे लागेल याची खात्री असते. कर्करोगातून उठलेल्या बाईला तर ‘जीव वाचला ना, मग आता काय?’ असे विचारले जाते. दोन्ही वाक्ये सारखीच निर्दय आहेत. इम्प्लांट कशासाठी बसवले, हा प्रश्न त्या बाईपुरता आहे. ते सरकले तर दुखणे, त्वचा ताणली जाणे, कपड्यांत न बसणे आणि मनात भीती घेऊन जगणे हे सगळे दोघींच्याही वाट्याला येते. गुडघ्याची वाटी बदललेला माणूस ‘सांधा कुरकुरतो’ म्हणून बिनदिक्कत तपासायला जातो. छातीतल्या इम्प्लांटबाबतही तेवढाच सरळपणा यायला हरकत नाही.

मुळात ही वस्तू आयुष्यभर टिकेल, असे तिच्याबद्दल कोणी जबाबदारीने म्हणत नाही. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी बसवले. त्यानंतर त्याच्या किती पिढ्या आल्या, आवरण जाड झाले, आतले जेल घट्ट झाले. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये जो आढावा घेतला, त्यात सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या पाचांपैकी एकीला आणि कर्करोगानंतर घेतलेल्या दोघींपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावे लागते, असे नोंदवले आहे. काढण्याची कारणे अनेक असतात. जागेवरून सरकणे हे त्यांतले एक. म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येणे हा कोणाच्या नशिबाचा फेरा म्हणता येणार नाही. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच बाईला हे आकडे सांगायला हवेत. ते किती ठिकाणी सांगितले जातात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे.

सरकते कसे, ते समजून घेणे अवघड नाही. बाहेरची कोणतीही वस्तू आत बसवली की शरीर तिच्याभोवती स्वतःच्या तंतूंचे आवरण विणते. पेसमेकरभोवती होते तसेच इम्प्लांटभोवतीही होते. हे आवरण म्हणजे जणू इम्प्लांटचा कप्पा. सर्जनने तो कप्पा गरजेपेक्षा मोठा केला, स्तनाखालची नैसर्गिक घडी सुटली, किंवा मुळात पातळ असलेल्या त्वचेला न पेलणारे मोठे इम्प्लांट घातले, तर कप्पा हळूहळू ढिला पडतो आणि इम्प्लांट वजनाच्या दिशेने जाते. ३०० मिलिलिटरचे इम्प्लांट म्हणजे पाव किलोहून जास्त वजन, आणि ते चोवीस तास लटकलेले. ते घडीच्या खाली उतरले की स्तनाग्र वर पाहू लागते आणि खालचा भाग फुगतो. उताणे झोपल्यावर ते काखेत गेल्यासारखे वाटते. क्वचित दोन्ही बाजूंचे कप्पे मध्यभागी एकमेकांकडे सरकतात आणि दोन्ही स्तन जोडल्यासारखे दिसतात. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट असेल तर जागा न सोडताही ते आत फिरू शकते आणि आकार एकदम वेडावाकडा होतो. स्नायूखाली बसवलेले असेल तर छातीचा स्नायू आवळला की ते वर किंवा बाहेर उडी मारल्यासारखे हलते.

याच्या उलटही घडते. ते आवरण काहीजणींमध्ये घट्ट होत जाते, आकसते आणि इम्प्लांटला वर ढकलते. हाताला स्तन कडक लागतो, पुढच्या टप्प्यात दुखू लागतो. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात; तिसरी आणि चौथी असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो. बाईच्या दृष्टीने ‘वर गेले’ आणि ‘खाली आले’ या दोन्ही तक्रारी एकच, पण दुरुस्ती अगदी विरुद्ध दिशेची. एका ठिकाणी कप्पा लहान करायचा असतो, दुसरीकडे मोकळा. म्हणून फोनवर फोटो पाहून कोणी निदान सांगू लागले तर त्यावर विसंबू नये. उभे राहून, हात वर करून, स्नायू आवळून आणि झोपवून, असे सगळ्या स्थितींत तपासावे लागते. सोबत सोनोग्राफी, आणि इम्प्लांट फुटल्याची शंका असेल तर एमआरआय.

काही लक्षणांत मात्र दिवस घालवू नयेत. ताप आणि लाली, एका बाजूला अचानक सूज, त्वचा पातळ होऊन आतले इम्प्लांट दिसेल असे वाटणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर एका बाजूला पाणी साठून स्तन मोठा झाला, तर ते पाणी काढून तपासायला पाठवणे आवश्यक असते, कारण खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक वेगळ्या जातीचा लिम्फोमा होतो. तो दुर्मिळ आहे आणि लवकर सापडला तर बहुतेकदा इम्प्लांट आवरणासह काढून बरा होतो. पण ‘सरकलंय, बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून तो मागे पडू नये. आणि ज्या बाईला आधी कर्करोग झाला आहे, तिच्या बाबतीत नवीन गाठ किंवा फुगवटा म्हणजे इम्प्लांटच असणार, असे गृहीत धरणे हा तर थेट जिवाशी खेळ आहे.

आता दुरुस्तीकडे. वर म्हटल्याप्रमाणे ढिल्या कप्प्याचा नको असलेला भाग आतून शिवून बंद करणे हा यातला मूळ उपाय. ऐकायला सोपा, पण आवरण पातळ असेल तर टाके काही महिन्यांत कापत जातात आणि इम्प्लांट पुन्हा जुन्या वाटेने उतरते. म्हणून अनुभवी सर्जन नुसत्या टाक्यांवर थांबत नाहीत. बऱ्याचदा थर बदलतात, म्हणजे ग्रंथीखालचे इम्प्लांट स्नायूखाली नेतात किंवा जुन्या आवरणाच्या पुढे नवा कप्पा तयार करतात. आणि बऱ्याचदा इम्प्लांटच लहान आकाराचे घालतात. हा शेवटचा मुद्दा बायकांना पटवणे कठीण जाते. आकार कमी होणार हे ऐकून काहीजणी दुसऱ्या सर्जनकडे जातात, तो तेवढाच मोठा घालून देतो आणि वर्ष-दोन वर्षांत तिसरी शस्त्रक्रिया उभी राहते. ज्या वजनाने पहिला कप्पा फाटला तेच वजन पुन्हा ठेवून वेगळा निकाल कसा येईल?

कप्प्याला आधार म्हणून जाळीही वापरतात. काही जाळ्या कृत्रिम धाग्यांच्या असतात, काही पेशी काढून टाकलेल्या त्वचेपासून बनवलेल्या. ही त्वचा डुकराची, गुराची किंवा मृत्यूनंतर दान केलेल्या माणसाची असू शकते. आपल्याकडे अनेक घरांत हा साधा प्रश्न नाही. कोणाला चालेल, कोणाला नाही. भूल देण्याआधी, शुद्धीत असताना आणि बाईच्या भाषेत हे विचारले गेले पाहिजे. संमतीच्या छापील इंग्रजी कागदावर एका ओळीत ते उरकणे म्हणजे विचारणे होत नाही. शिवाय जाळी महाग असते, आणि तिचा खर्च सुरुवातीला सांगितलेल्या रकमेत धरला आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे.

घाई मात्र करू नये. संसर्ग किंवा त्वचा फाटण्याचा धोका नसेल तर पहिल्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने जाऊ देतात. सूज उतरते, आवरण तयार होते, आणि नक्की काय सरकले आहे ते स्पष्ट होते. तोवर आधार देणारी घट्ट ब्रा, कधी पट्टा, आणि वजन उचलण्यावर बंदी. ही बंदी पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाळणे आणि कराड तालुक्यातल्या वस्तीवर पाळणे यांत फरक आहे. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, दूध काढणे, उसाच्या मोळ्या, पीठ मळणे या सगळ्यात छातीचा स्नायू जोर लावतो आणि नव्याने शिवलेल्या कप्प्यावर ताण येतो. डिस्चार्ज कार्डावर ‘जड काम टाळा’ एवढेच लिहिलेले असते. घागर जड की नाही, हे ज्या घरात रोज दहा घागरी आणल्या जातात तिथे कोण ठरवणार? सहा आठवडे घरचे कोण काय करणार, याचे बोलणे सासू, नवरा, मुलगी यांच्यासमोर सर्जनने स्वतः केले तर त्याचा उपयोग औषधाइतकाच होतो.

आणखी एक गोष्ट मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. ते विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ बाई खरेखरे ‘नाही’ म्हणते. पण ती सकाळी मिश्री लावते, दिवसातून दोन-तीनदा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातले निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत त्वचा आधीच एकदा कापलेली, ताणलेली, पातळ झालेली असते. तिला रक्तपुरवठा कमी पडला तर जखम भरत नाही, कड काळी पडते आणि सगळे केलेले पाण्यात जाते. सातारा-सांगलीच्या बाईला शस्त्रक्रियेआधी मिश्री, तपकीर, तंबाखू अशी नावे घेऊन विचारले पाहिजे, आणि काही आठवडे आधीपासून ती बंद करायला सांगितली पाहिजे.

कर्करोगानंतरच्या रुग्णांचा हिशेब थोडा वेगळा. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यांतल्या मोजक्याच बायकांना पुनर्रचनेबद्दल कोणी सांगते. ज्यांना इम्प्लांट मिळते, त्यांतल्या अनेकींना रेडिएशनही घ्यावे लागते. रेडिएशनने त्वचा कडक होते, आवरण आकसते, आणि इम्प्लांट वर चढते किंवा एका बाजूला ओढले जाते. अशा छातीत पुन्हा इम्प्लांट बसवून दुरुस्ती करणे कधी कधी निष्फळ ठरते. तेव्हा पाठीचा स्नायू किंवा पोटाची त्वचा आणि चरबी आणून स्तन घडवण्याचा पर्याय उरतो. पाठीच्या स्नायूचा हा मार्ग इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्येच वापरला होता, म्हणजे सिलिकॉनच्या अर्धशतक आधी. ही शस्त्रक्रिया मोठी असते, पण स्वतःचे मांस सरकत नाही, फुटत नाही आणि दहा वर्षांनी बदलावे लागत नाही.

आणि एक पर्याय असा, जो चर्चेत शेवटी येतो किंवा येतच नाही: इम्प्लांट काढून टाकणे आणि दुसरे न घालणे. काही बायकांना तेच हवे असते. छाती सपाट होईल, त्वचा लोंबेल, कदाचित ती उचलून घ्यावी लागेल. पण पुढच्या शस्त्रक्रियांची साखळी तुटते. हा पर्याय न सांगता फक्त ‘कोणते नवे घालायचे’ एवढेच विचारणारा सल्ला अपुरा आहे.

या सगळ्या निर्णयांना एक माहिती लागते: आत नेमके काय आहे? कोणत्या कंपनीचे, किती मिलिलिटरचे, गुळगुळीत की खरबरीत, गोल की थेंबाच्या आकाराचे, कोणत्या थरात बसवलेले, आणि त्याचा क्रमांक काय. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात ही माहिती छापलेली चिकटपट्टी असते, एकाहून जास्त प्रती असतात, कारण एक रुग्णाच्या कागदावर चिकटवायची असते. प्रत्यक्षात ती रुग्णालयाच्या फाईलमध्ये राहते, आणि फाईल रुग्णालयात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे, आणि रुग्णाने मागितल्यावर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. तीन वर्षे! जी वस्तू शरीरात दहा वर्षे किंवा जास्त राहणार, तिचा कागद चौथ्या वर्षी रद्दीत गेला तरी नियम मोडत नाही. इम्प्लांट सरकते, फुटते, आकसते ते बहुधा त्यानंतरच.

याचे परिणाम काय होतात, ते जगाने पाहिले आहे. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे स्वस्त सिलिकॉन भरून इम्प्लांट विकल्याचे २०१० मध्ये उघड झाले. जगभरातल्या सुमारे तीन लाख बायकांत ती बसवलेली होती, आणि ‘माझ्यात तीच आहेत का?’ याचे उत्तर देणारा कागद अनेकींकडे नव्हता. वर ज्या लिम्फोमाचा उल्लेख आला, त्याच कारणाने जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली खरबरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. लक्षणे नसतील तर ती काढण्याची गरज नाही, असे तेव्हाच सांगण्यात आले. पण लक्ष ठेवायचे तर आपल्यात कोणते आहे हे माहीत असायला हवे.

भारतात असेच एकदा घडून गेले, फक्त अवयव वेगळा होता. डिप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने खुब्याचे एएसआर इम्प्लांट ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वेळी मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली. पुढे केंद्राच्या समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात अशा सुमारे ४७०० शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले, आणि त्यांपैकी जेमतेम हजारेक रुग्णांशी संपर्क झालेला होता. बाकीचे कुठे आहेत, त्यांच्या खुब्यात काय झाले, हे कळायला मार्ग नव्हता. खुब्याचा रुग्ण निदान लंगडतो, त्यामुळे दिसतो. छातीच्या इम्प्लांटची बाई ओढणी नीट करून घरी बसते.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून स्तनाच्या इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही सुरू आहे. दिल्लीत तसे काही होईल याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कराडचे कृष्णा रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचे नवे वैद्यकीय महाविद्यालय आणि मिरजेतली कर्करोग रुग्णालये, एवढ्यांनी ठरवले तरी दोन जिल्ह्यांची एक वही सहज होऊ शकते. शस्त्रक्रिया पुण्यात झाली असली तरी तपासणीला आलेल्या बाईची नोंद इथे करता येते. त्याला नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. मिरजेला तर १८९४ पासून, डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उघडले तेव्हापासून, दूरदूरच्या गावांतल्या रुग्णांची सवय आहे.

पैशाचाही प्रश्न आहेच. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या अपवादात येते, असे विमा नियामकाने २०१९ च्या प्रमाणित कलमात म्हटले आहे. त्यामुळे कर्करोगानंतरचे इम्प्लांट सरकल्यावर दुरुस्तीचा दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला गेला तर तो मुकाट्याने मान्य करू नये. मूळ आजाराचा, पहिल्या शस्त्रक्रियेचा आणि दुरुस्तीच्या वैद्यकीय गरजेचा स्पष्ट उल्लेख असलेले सर्जनचे पत्र जोडून पुन्हा दाद मागावी. इथेही पुन्हा जुने कागदच कामी येतात.

ज्या बायकांचे इम्प्लांट आज अगदी जागेवर आहे, त्यांनी या आठवड्यात एवढे करावे: जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे लेखी अर्ज देऊन शस्त्रक्रियेची टिपणे आणि इम्प्लांटच्या चिकटपट्टीची प्रत मागावी, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडेही पाठवावा. गावात मॅमोग्राफीची गाडी आली तर तपासणीआधीच तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचे सांगावे, कारण फोटो वेगळ्या पद्धतीने काढावे लागतात. इम्प्लांट सरकल्याची, फुटल्याची किंवा त्यामुळे त्रास झाल्याची माहिती गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवता येते. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठीच तो २०१५ मध्ये सुरू झाला आहे. डॉक्टरांनी कळवले नाही तर रुग्ण स्वतः कळवू शकते.